घोडनदीचा सत्पुरुष

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. लगेच ऑरेगॉनमधील एका गृहस्थाने रानात बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग हा शोधाचा खेळ निघाला. इंग्लंडात जुन्या चर्चांच्या परिसरात अशा कितीतरी डब्या दडवल्या आहेत. डबी सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचे आणि ती जागच्या जागी ठेवायची.

आम्ही शिरूरची खूण देतो : सुमारे १८ अंश ५० मिनिटे उत्तर, ७४ अंश २२ मिनिटे पूर्व. दौंडकरांनीही परके वाटून घेऊ नये. घोडनदी शेवटी भीमेलाच मिळते. एवढ्याने गाव सापडेल. पुढे गोऱ्यांच्या जुन्या दफनभूमीत कर्नल वॉलेसचे थडगे शोधायचे. वसईच्या तहाने पेशव्यांच्या गळ्यात पडलेल्या तैनाती फौजेतला हा अधिकारी १८०९ मध्ये वारला. पुढे याच शिरूरहून १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटन कोरेगावकडे निघाला. आणि १८८५ चे पुणे गॅझेटियर सांगते, की आसपासचे लोक वॉलेसला सत्पुरुष म्हणत, सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्यापुढे ठेवीत! आम्ही इतिहासवाले पक्ष मोजत बसतो. कुणब्याने पक्ष विचारलाच नाही.

यंत्र थडग्याच्या दहा-वीस हातांपर्यंत आणून सोडील. नैवेद्य का, हे मात्र वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागेल, आणि लवकर. डबी ठेवायचीच तर कुंपणाबाहेर ठेवा, दगडांच्या सांध्यांत नको. वहीत नुसते नाव नको. ऐकलेली हकीगत लिहा, गाव आणि तारीख घालून.