पोहण्याच्या तलावातला सामू

क्लोरीन टाकलं की पाणी शुद्ध झालं, हा समज आपल्याकडे पक्का आहे. म्हणून कर्जत-लोणावळ्याच्या फार्महाऊसवर रोज पावडर पडत राहते, तरी पाणी हिरवट होतं आणि पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात. क्लोरीन कमी नसतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, कोणी पाहिलेला नसतो. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी जो आकडा पाहतो, तोच हा.

त्याचा जन्म झाला बीअरच्या कारखान्याशी जोडलेल्या प्रयोगशाळेत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गचे संस्थापक याकोबसेन यांनी १८७५ साली ती उभारली. पुढे तिथल्या रसायन विभागाचे प्रमुख झालेले सोरेनसेन विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, अभ्यास करत होते. विकर किती जोमानं काम करतात हे द्रावणातल्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असतं; पण ते प्रमाण इतकं सूक्ष्म, की लिहिताना दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागायची. १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी लॉगॅरिदम वापरून ती रांग एका सुटसुटीत आकड्यात बसवली. त्यामुळे सामू एका अंकानं उतरला, की आम्लता दहापट वाढलेली असते. ८ आणि ७ यांच्यातलं अंतर किरकोळ वाटतं, पण ते किरकोळ नाही.

क्लोरीन आलं ते दुसऱ्याच वाटेनं. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्याच्या शुद्धतेवरून खटला चालू असताना, १९०८ च्या सप्टेंबरात डॉ. जॉन लील यांनी बूनटन जलाशयाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचं द्रावण सोडायला सुरुवात केली. शहराच्या पिण्याच्या पाण्यात असलं रसायन म्हणून विरोध झाला, तरी पद्धत टिकली. आपल्या ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच घराण्यातली.

या दोन वाटा तलावात एकत्र येतात. पाण्यात क्लोरीनची दोन रूपं होतात आणि त्यातलं हायपोक्लोरस आम्ल जंतू मारण्यात कितीतरी प्रबळ. सामू ७.२ असताना क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग या रूपात असतो. ८ वर जेमतेम पाव उरतो. पावडर तेवढीच, काम निम्म्याहून कमी.

तिसरा धागा लोखंडी नळांचा. नळ गंजू नयेत म्हणून आतून चुन्याचा पातळ थर बसावा, पण नळ तुंबू नये, हा तोल कसा साधायचा? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये सामू, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी (आम्ल पडलं तरी सामू टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) आणि विरघळलेले क्षार यांवरून एक निर्देशांक काढला. तो शून्याजवळ असला तर पाणी समतोल. बराच खाली गेला तर पाणी फरश्यांमधलं सिमेंट खातं, वर गेला तर पांढरा थर धरतं. दख्खनच्या कठीण बोअरच्या पाण्यावर तलाव भरणाऱ्यांनी हा निर्देशांक आवर्जून काढावा.

म्हणून आधी अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएममध्ये आणा, मग सामू ७.२ ते ७.८ दरम्यान, आणि त्यानंतर क्लोरीनचा विचार करा. सामू उतरवायचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एका बादलीत कालवू नका, शेजारी शेजारी ठेवूही नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.