बोर्डिंगची चूल

घरात दोन-तीन मुलं असली आणि संध्याकाळी सगळी एकदम ‘भूक लागली’ म्हणू लागली, की आईची तारांबळ उडते. साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटलांना मात्र बोर्डिंगभर मुलांची पानं वाढायची होती.

त्यांचे यजमान म्हणजे कर्मवीर भाऊराव, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. अण्णा मदतीसाठी गावोगाव हिंडत आणि मागे लक्ष्मीबाई पोरांचं जेवणखाण बघत.

बाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या. इथे तर अस्पृश्य मानलेल्या जातींपासून मराठा, मुसलमानांपर्यंत सगळी पोरं एका पंगतीला! जुने संस्कार त्यांनी कसे बाजूला ठेवले असतील? व्याख्यानं ऐकून नव्हे. भुकेली पोरं समोर बघूनच, असं मला वाटतं.

एकदा धान्य संपलं. बाकीचे दागिने आधीच गेले होते. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं. ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, सांगावीच. पण मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोरं पुन्हा भुकेलीच. त्या रोजच्या चुलीविषयी आपण फारसं बोलत नाही.

अण्णांना पद्मभूषण मिळालं ते १९५९ साली. लक्ष्मीबाई १९३० सालीच गेल्या होत्या, बोर्डिंग सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली असताना.