बत्तीस रुपये सारा आणि एक मत

१९२० साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्यात मत हवं असेल, तर नावावर निदान ३२ रुपये सारा असलेली जमीन लागे. टिटवाळ्याच्या पुढे, भातसा नदीकाठच्या खडवलीसारख्या गावात एवढी जमीन असणार कुणाची? खंडानं भातखाचरं कसणाऱ्या कुळाची नाही, आणि रानातून मोळी आणून विकणाऱ्या कातकऱ्याची तर मुळीच नाही. घाम कुळाचा, सातबारा मालकाचा, मतही मालकाचंच. १९२१ मध्ये कायदेमंडळाने बायकांना मत दिलं, पण मालमत्तेची अट कायम ठेवून. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने साऱ्याची अट ८ रुपयांवर आणली आणि मॅट्रिक झालेल्यांनाही मत दिलं. कातकरवाडीत मॅट्रिक कोण होतं?

ही काही एकट्या इंग्रजांची रीत नव्हती. अमेरिकेने १७८७ साली 'आम्ही लोक' अशी सुरुवात करून राज्यघटना लिहिली, पण मत कुणाला द्यायचं हे राज्यांवर सोडलं. बहुतेक राज्यांत ते प्रामुख्याने मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरतं राहिलं. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मत नाकारायला बंदी केली. त्या मुक्तीचं मोल पुण्यात नेमकं ओळखलं गेलं होतं. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं.

पण दक्षिणेतल्या राज्यांनी पळवाट शोधली. मिसिसिपीने १८९० मध्ये मतदारावर कर बसवला आणि घटनेतलं एखादं कलम वाचून किंवा त्याचा अर्थ सांगून दाखवण्याची अट घातली. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी कारकून. घटनेतला हक्क जागेवरच राहिला, यादीत मात्र काळ्या माणसाचं नाव चढेना. हा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला १९६५ च्या मताधिकार कायद्याने.

तो बंद होता त्याच काळात, १९१३ ते १९१६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. परतल्यावर जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. १९२८ मध्ये सायमन कमिशनकडे तर त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितलं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही स्वतःचं हित कळतं, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांचं सगळ्यात दूरदर्शी काम मात्र १५ जून १९४९ चं. त्या दिवशी संविधान सभेत त्यांनी साऱ्या देशाच्या निवडणुका एकाच स्वतंत्र आयोगाच्या हाती देण्याची तरतूद मांडली. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या माणसांची नावं मतदारयादीबाहेर ठेवली जात आहेत, हे कारण त्यांनी उघड सांगितलं. अमेरिकेने जे राज्यांवर सोडलं, ते त्यांनी प्रांतांच्या हातून काढून घेतलं. पुढे हेच कलम ३२४ झालं, आणि कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ना सारा विचारला गेला, ना शाळा. तरी त्या यादीतून देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढीच ओळख दिली होती.

कल्याण, भिवंडी, शहापूर पट्ट्यात यादीचा प्रश्न आजही जिवंत आहे. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. इकडच्या लोकसभेच्या मतदानाच्या तारखा बघा: २४ एप्रिल २०१४, २९ एप्रिल २०१९, २० मे २०२४. तिन्ही ऐन भट्टीच्या हंगामात. नाव वाडीच्या यादीत, माणूस भट्टीवर. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, रोजंदारीवाल्यालाही. पण भट्टीवर मजुरी मिळते हजार विटांमागे. विटा पडल्या नाहीत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, वर गावी जाण्यायेण्याचं भाडं. त्यामुळे ही सुट्टी कागदावर राहते. मतदानाआधी तहसील कार्यालयाने भट्ट्यांवर जाऊन मजुरांची नावं-गावं लिहून घ्यावीत, त्या दिवशी गाडी द्यावी आणि बुडालेली मजुरी मालकाकडून वसूल करावी.