आयनांचा झोत आणि धातु-कर्बाचे थर

विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्ये विरळ वायूतील विद्युत्‌विसर्गाचा अभ्यास करताना जवळच्या पृष्ठावर धातूचे पुट जमल्याचे नोंदविले. आयनांच्या आघाताने घन पदार्थाचे अणू उडतात, हा त्याचा अर्थ होय. त्याची पायाभूत गणिती उपपत्ती पीटर सिग्मुंड यांनी १९६९ मध्ये मांडली. मधल्या काळात ही घटना बहुधा उपकरणांची झीज म्हणूनच गणली जाई. झीज करणारा हाच झोत रचना कशी घडवू शकतो, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

महाबळेश्वरच्या पठारावरील जांभा येथे उद्बोधक ठरतो. पावसाने बेसाल्टातील सिलिका वाहून नेली. लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली आणि त्यांतून निराळा खडक सिद्ध झाला. आयनांचा आघातही अशीच निवड करतो. सोने, चांदी, तांबे यांचे अणू सहज उडतात. कर्बाचे त्या मानाने थोडेच. शिवाय हे धातू कर्बात जवळजवळ विरघळत नाहीत. अणूंना किंचित हालचाल लाभताच ते विलग होऊन अब्जांश मीटरांत मोजावे लागणारे कण बनवितात. तथापि पावसाला युगे लागली. एका आयनाच्या आघाताचे कार्य निमिषाच्याही अत्यल्प अंशात आटोपते.

महाराष्ट्रात अशा झोतांची साधने प्रथम अणुगर्भाच्या अभ्यासासाठी आली. १९६० नंतरच्या दशकात ट्रॉम्बे येथे ५.५ दशलक्ष व्होल्टांचा व्हॅन डी ग्राफ त्वरक कार्य करीत होता. १९८८ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १४ दशलक्ष व्होल्टांचा पेलेट्रॉन सुरू झाला. ट्रॉम्बेचे जुने यंत्र मोडीत न निघता २००० मध्ये दुमडलेल्या टँडेम त्वरकाच्या रूपाने पुन्हा कामास लागले. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात सोने वा चांदी मिसळलेल्या फुलरीनच्या थरांवर वेगवान जड आयन सोडण्यात आले. तेव्हा फुलरीनचे रेणू मोडून अस्फटिक कर्ब झाला, धातूचे कण वाढले आणि थराचे प्रकाशशोषणही पालटले.

जर्मनीतील रोसेनडॉर्फ येथे याच्या उलट मार्ग अनुसरला गेला. तेथे कर्ब-निकेलाचा थर वाढत असतानाच त्यावर अल्प ऊर्जेचे आयन सोडले. निकेलाची रचना झोताच्या दिशेस अनुसरून कलली. आघात प्रमाणाबाहेर गेला, तर विलग झालेले अणू पुन्हा मिसळतात. झीज आणि घडण यांतील सीमा अशा रीतीने ऊर्जा, दिशा व मात्रा यांनीच ठरते.