सावित्रीच्या खोऱ्यातली संकटाची हाक

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि तिथे तिला गांधारी नदी मिळते. या खोऱ्यातल्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या. दरड कोसळली की वाट बंद होते, आणि मदत मागायची तीच वाट असते. त्यामुळे महाड-पोलादपुरात संकटाची वार्ता बाहेर पोहोचवणे हे मदतीइतकेच अवघड काम राहिले आहे.

पूर्वी ही वार्ता माणूसच पायी नेत असे. गावोगावी निरोप पोहोचवण्याचे काम वतनाच्या नावाखाली महारांवर लादलेले होते. रात्र असो वा पाऊस, नकार देण्याची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. गावातली खबर पोलीस ठाण्याला आणि तहसीलदाराला कळवण्याची जबाबदारी १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटलावर आली. ठाण्यांत वायरलेस संच बसले, पुढे टेलिफोन आणि मोबाइल आले.

साधने बदलली, पण पावसापुढे ती टिकली नाहीत. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते येथे दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस पुरात गेल्या. पूल नाही हे पहिल्यांदा कळले ते शेजारच्या गॅरेजमधल्या एका कामगाराला, आणि त्यानेच गाड्या थांबवल्या. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण दगावले. बचावलेला एकटा माणूस दरी चढून रस्त्यावर आला, तेव्हा कुठे बातमी बाहेर गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली होते, वीज आणि मोबाइल बंद होते. त्याच दिवशी तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे गाडली गेली. बचाव पथके पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

या काळात मदतीची व्यवस्था एकवटत गेली. २०१४ मध्ये १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिचे नियंत्रण पुण्यातून होते. पोलीस मदतीसाठी ११२ हा क्रमांक आला. त्याचे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात आणि संगणकाद्वारे जिल्ह्याच्या गाडीपर्यंत पोहोचतात. पोलादपूरच्या वाडीतली हाक आता दूरच्या संगणकांतून फिरून शेजारच्या ठाण्यात येते. सोय मोठी आहे, पण ते संगणक कुणी बंद पाडले तर एका वाडीची नव्हे, साऱ्या राज्याची हाक अडते.

असे हल्ले जगात झालेले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोनात एका फसव्या दुव्यामुळे लोकांचे मोबाइल आपोआप ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करू लागले आणि खऱ्या फोनची वाट अडण्याचा धोका निर्माण झाला. एप्रिल २०१७ मध्ये डॅलस शहरातले धोक्याचा इशारा देणारे १५६ भोंगे कुणीतरी खोटा रेडिओ संकेत पाठवून मध्यरात्रीच्या सुमारास वाजवले. घाबरलेल्या लोकांनी ९११ वर फोनांचा मारा केला. नियंत्रण कक्षाच्या संगणकांतली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणे हा तिसरा प्रकार. महापुराच्या रात्री पुराचा एक खोटा इशारा आला, तरी बोटी चुकीच्या गावाकडे जातील.

भारतात मोक्याच्या संगणक यंत्रणांच्या रक्षणासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. सायबर घटना ६ तासांच्या आत कळवण्याचा आदेश २०२२ मध्ये निघाला. उपाय ठाऊक आहेत: रेडिओ संदेश सांकेतिक करणे, पाठवणाऱ्याची ओळख पटवणे, आपत्कालीन जाळे कार्यालयीन इंटरनेटपासून वेगळे ठेवणे, दुसरे केंद्र सदैव तयार ठेवणे. या खोऱ्यात मात्र एवढ्याने भागत नाही. इथे आजवर हाक तोडली ती पावसाने आणि दरडींनी. हल्लेखोराने तोडली तरी वाडीवरचा परिणाम तोच. म्हणून केंद्रातले संगणक कितीही भक्कम झाले, तरी महाड आणि पोलादपूरच्या ठाण्यांतले वायरलेस संच चालू आणि पोलीस पाटलाची खबर देण्याची वाट खुली राहिलीच पाहिजे.