चौलच्या उत्तरेचा युरिया

टॉलेमीच्या भूगोलात सिमिल्ला या नावाने आढळणारे आणि 1740 मध्ये पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आलेले चौल बंदर गाळाने निकामी झाल्यावर या परिसराची ओळख मुख्यतः नारळी-पोफळीच्या वाड्यांपुरती उरली. तथापि त्याच अलिबाग तालुक्यात, उत्तरेला थळ येथे, 1980 च्या दशकात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना उभा राहिला, आणि तेथे तयार होणाऱ्या युरियाचा इतिहास 1828 सालच्या बर्लिनपर्यंत मागे जातो.

फ्रीडरिश व्होलर तेथे नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि सिल्व्हर सायनेट यांच्यापासून अमोनियम सायनेट मिळवू पाहत होते. हाती मात्र मूत्रात सापडणाऱ्या युरियाचे स्फटिक आले. सजीवांतील द्रव्ये केवळ ‘जीवनशक्ती’मुळे घडतात, ही समजूत या एका प्रयोगाने कोसळली असे पाठ्यपुस्तके सांगतात, पण ते अतिसुलभीकरण आहे, कारण ती पुढेही अनेक वर्षे टिकून होती. अधिक खोल परिणाम वेगळाच होता: अमोनियम सायनेट आणि युरिया यांत मूलद्रव्यांचे प्रमाण तंतोतंत सारखे असूनही गुणधर्म भिन्न असल्याने, पदार्थाचे स्वरूप अणूंच्या मांडणीवरही ठरते, हा समघटकतेचा विचार त्यातून दृढ झाला.

थळला व्होलर यांची रीत अर्थातच वापरली जात नाही. तेथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया तयार करून उच्च दाबाखाली त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवतात, आणि अमोनियानिर्मितीची ही वाट हाबर व बॉश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खुली केली. अशा युरियात वजनाने सुमारे 46 टक्के नायट्रोजन असतो. शेणखतात तो सहसा एक टक्काही भरत नाही.