वेळापूरचे हेमाडपंती देवालय

माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे यादवराजा रामचंद्राच्या काळातील शिलालेख आढळतात, आणि तेथील अर्धनारीनटेश्वराचे मंदिर लोक 'हेमाडपंती' म्हणून ओळखतात. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ही शैली रूढ झाली असली, तरी ते श्रेय त्याला काहीसे फुकटच मिळाले आहे, कारण याच परंपरेतले अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 म्हणजे इ.स. 1060 मधले, हेमाद्रीच्या सुमारे दोन शतके आधीचे आहे. या शैलीत घडीव दगड चुन्याशिवाय, सांधे घासून आणि एकमेकांच्या वजनावर बसवले जातात. छतासाठी प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेतात आणि उरलेली फट एका शिळेने झाकतात. याउलट, खरी कमान भिंतींना बाहेर रेटते, म्हणून तेथे अनेकदा बाहेरून टेकू देणारे पुस्ते उभारावे लागतात. हेमाडपंती छताचा भार मुख्यतः सरळ खाली उतरतो, पण मोठे अंतर एका झेपेत झाकता येत नाही, त्यामुळे मंडपात, म्हणजे गर्भगृहापुढील सभागृहात, खांबांची दाटी होते.